पाठीला वारा

रत्नागिरीच्या एका शाळेत मी सव्वीस वर्षे भूगोल शिकवला. खारे वारे आणि मतलई वारे हा धडा आला की मी फळ्यावर डाव्या बाजूला समुद्राच्या लाटा काढायची, उजव्या बाजूला एक नारळाचे झाड काढायची आणि मध्ये दोन बाण. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतो तो खारा वारा आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातो तो मतलई. मुले ते वहीत उतरवून घेत आणि त्याच वेळी खिडकीतून आलेला खारा वारा त्यांच्या वह्यांची पाने उलटत असे. त्या बाणांना किती वजन असते, त्यांच्या आधाराने किती जीव प्रवास करतात, हे मला निवृत्तीनंतर कळले, आणि तेही भाट्येच्या पुळणीवर, गळ्यात दुर्बीण अडकवून फिरताना.

भाट्येला काजळी नदी समुद्राला मिळते. पुलाच्या आतल्या बाजूला कांदळवन आणि चिखलाची खाडी, बाहेरच्या बाजूला लांब पुळण आणि तिच्या कडेने सुरूचे बन. ओहोटीला नदीच्या मुखाशी वाळूचा एक पट्टा उघडा पडतो आणि परदेशी पाहुणे बहुधा त्याच पट्ट्यावर उतरतात. पक्ष्यांचे हिवाळी स्थलांतर म्हटले की लोकांच्या मनात डिसेंबरची थंडी येते. पण किनाऱ्यावरचे चिखले पक्षी ऐन श्रावणात, पाऊस चालू असतानाच परतू लागतात. आधी प्रौढ पक्षी येतात, त्यांच्या छातीवर विणीच्या हंगामातला विटकरी रंग अजून थोडासा उरलेला असतो. पिल्ले मागाहून येतात, आणि त्यांच्यासोबत आईबाप नसतात. तिबेट आणि मध्य आशियाच्या पठारावर दोन-अडीच महिन्यांपूर्वी अंड्यातून बाहेर आलेले, मूठभर आकाराचे पिल्लू हिमालय ओलांडून कोकणात येते तेव्हा त्याने समुद्र कधीही पाहिलेला नसतो. सप्टेंबरमध्ये तुतवार आणि धोबी येतात, ऑक्टोबर सरता सरता कुरव येऊ लागतात, आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, नशीब असेल तर, सड्यांवरून, म्हणजे कातळाच्या पठारांवरून, अमूर ससाणे जातात. या सगळ्या वेळापत्रकाच्या मुळाशी वाऱ्याची एक मोठी उलटापालट आहे: चार महिने नैर्ऋत्येकडून वाहणारा वारा थकतो, काही आठवडे आकाश निर्वात होते, आणि मग ईशान्येकडून वारा सुरू होतो. उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्याच्या तो पाठीशी असतो.

२०१९ साली ही उलटापालट बिघडली. त्या वर्षी मोसमी पावसाच्या परतीला ९ ऑक्टोबरला सुरुवात झाली. इतक्या उशिराची नोंद हवामान खात्याकडे त्याआधी नव्हती. मग जणू उशीर भरून काढायचा असल्यासारखा तो अवघ्या आठवडाभरात, १६ ऑक्टोबरला, देशभरातून परतला. आमच्याकडे भात पिवळे होऊन उभे होते. हस्ताचा आणि चित्राचा पाऊस संपला, आता कापणीला हरकत नाही असे म्हणून लोकांनी कोयत्यांना धार लावली. हिंदी महासागराची पश्चिमेकडची बाजू त्या वर्षी नेहमीपेक्षा बरीच गरम आणि पूर्वेकडची थंड होती. या स्थितीला इंडियन ओशन डायपोल म्हणतात आणि त्या वर्षीचा डायपोल नोंदींमधल्या सर्वांत तीव्र डायपोलपैकी एक होता. तापलेल्या अरबी समुद्राला वादळासाठी फार निमित्त लागत नाही.

२४ ऑक्टोबरला घराघरांत दूरचित्रवाणीवर विधानसभेचे निकाल चालू होते. पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीत कोकण किनाऱ्याला इशारा होता, पण त्या दिवशी तो कोण वाचणार? दुसऱ्या दिवशी, धनत्रयोदशीला, ‘क्यार’ वादळ रत्नागिरीच्या पश्चिमेला सुमारे दोनशे किलोमीटरवर होते. क्यार हे नाव म्यानमारने दिलेले आहे आणि ब्रह्मी भाषेत त्याचा अर्थ वाघ असा होतो. मी गच्चीवर गेले. पाऊस आडवा येत होता आणि माडांची डोकी उत्तरेकडे झुकली होती. बाइज बॅलट या डच हवामानशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये मांडलेला नियम मी शेकडो मुलांकडून पाठ करून घेतला होता: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की कमी दाबाचा प्रदेश आपल्या डाव्या हाताला असतो. मी वाऱ्याकडे पाठ केली. माझे तोंड जयगडच्या दिशेला, उत्तरेला झाले आणि डावा हात समुद्राकडे गेला. तिथे, ढगांच्या पलीकडे, ते फिरत होते. पाठ्यपुस्तकातले एक वाक्य आयुष्यात पहिल्यांदा मी अंगावर घेतले असे मला वाटले, आणि मी जरा घाबरले.

त्या क्षणी मला जे सुचले त्यानेच पुढचे दोन महिने माझा पिच्छा पुरवला. वारा दक्षिणेकडून येत होता. म्हणजे लक्षद्वीपच्या बाजूचे जे काही समुद्रावर उडत असेल ते आमच्याकडे ढकलले जाणार होते. आणि उत्तरेकडून जे येऊ पाहत असेल त्याला हा वारा तोंडावर घ्यावा लागणार होता. एकच वादळ काही पक्ष्यांना नको असताना आणत होते आणि काहींना यायचे असताना अडवत होते.

क्यार किनाऱ्याला धडकले नाही. ते ओमानच्या दिशेने वळले आणि २७ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, भर समुद्रात सुपर सायक्लोन झाले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटरपर्यंत गेला. २००७ च्या गोनूनंतर अरबी समुद्रात एवढे वादळ झाले नव्हते. आमच्या वाट्याला त्याची नुसती कड आली, पण त्या कडेनेही कापून ठेवलेले भात शेतातच रुजले, अमावास्येच्या उधाणाला लाटांची जोड मिळून पाणी किनाऱ्यालगतच्या वाड्यांत शिरले, आणि परराज्यांतल्याही मासेमारी नौका देवगडच्या बंदरात आश्रयाला दाटीवाटीने उभ्या राहिल्या. शेजारच्या काकूंनी त्या दिवाळीत कंदील लावला नाही. भिजलेल्या भाताला कोंब फुटलेले पाहून आल्यावर फराळाचे ताट समोर धरायला मला संकोच वाटला होता, हे आठवते.

भाऊबीजेच्या सकाळी ओहोटी होती आणि पाऊस थांबला होता. पुळणीचा आकारच बदलला होता. वाळूचा पट्टा निम्मा वाहून गेला होता आणि सुरूच्या मुळांशी जाळ्यांचे तुकडे, प्लास्टिक, ओंडके आणि मेलेली शिंपली यांचा ढीग लागला होता. या ढिगाच्या कडेला चार-पाच कावळे एका ठिकाणी उतरत होते आणि पुन्हा उडत होते. कावळे असे का करतात हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावे लागत नाही. मी जवळ गेले तेव्हा तिथे एक पक्षी बसलेला होता. पाठ काजळासारखी काळी, पोट पांढरेशुभ्र, शेपटी खोल दुभागलेली. कपाळावरचा पांढरा पट्टा डोळ्याच्या अलीकडेच थांबत होता. तो डोळ्याच्या मागपर्यंत गेला असता तर मी त्याला वेंगुर्ल्याच्या खडकांवर वीण करणारा ब्रायडल्ड टर्न म्हटले असते. हा सूटी टर्न होता. सुरयांच्या कुळातला, खुल्या समुद्राचा पक्षी.

मी त्याआधी तो कधीच पाहिला नव्हता, आणि पहिल्या क्षणी मला आनंद झाला हे मी लपवणार नाही. एकवीस वर्षांच्या वहीत नवीन नाव येणार होते. हात थरथरत मी छायाचित्र काढले. मग तो माझ्याकडे पाहत असल्याचे मला दिसले, आणि तो उडत का नाही हे उमगले.

या पक्ष्याविषयी जे ठाऊक आहे ते आठवले तर त्याला वाळूवर बसलेले पाहणे कठीण जाते. सूटी टर्नचे पिल्लू एकदा बेटावरून उडाले की कित्येक वर्षे, म्हणजे स्वतः वीण करायला परत येईपर्यंत, जमिनीला पाय लावत नाही. त्याच्या पिसांना पुरेसे तेल नसल्याने त्याला पाण्यावर तरंगत बसताही येत नाही. तो उडत खातो आणि बहुधा उडतच झोपतो. लक्षद्वीपमधल्या कवरत्तीजवळच्या पिट्टी नावाच्या निर्मनुष्य बेटावर या सुरयांची वसाहत आहे. हा तिथला होता की आणखी दूरचा, हे सांगायला काहीही साधन नव्हते. ज्याने वर्षानुवर्षे हवेलाच जमीन मानले त्याला हवेनेच इथे आणून टाकले होते.

अशा वेळी काय करायचे असते ते आता किनाऱ्यावरच्या बऱ्याच जणांना माहीत झाले आहे, तरी लिहून ठेवते. त्याला समुद्रात परत फेकायचे नसते. चोच उघडून पाणी ओतायचे नसते, कारण ते श्वासनलिकेत जाते. मासा भरवण्याची घाईही करायची नसते. भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका घ्यायचा, तळाशी कापड घालायचे, पक्षी अलगद आत ठेवायचा, अंधार आणि शांतता द्यायची आणि वन विभागाला कळवायचे. मी हे सगळे केले. खोका मिळेपर्यंत मात्र दहा-बारा माणसे जमली होती. एकाने भ्रमणध्वनी पक्ष्याच्या चोचीपासून वीतभर अंतरावर धरला होता आणि पंख पसरलेले छायाचित्र हवे म्हणून दुसरा त्याला काटकीने डिवचत होता. मी वर्गात कधी चढवला नव्हता एवढा आवाज तिथे चढवला. पक्षी उचलला तेव्हा हाताला त्याच्या छातीचे मधले हाड लागले. त्याच्या दोन्ही बाजूंना जिथे उडण्याचे मांस भरलेले असायला हवे तिथे पोकळी होती. चरबी संपली की शरीर स्नायू जाळू लागते, आणि या पक्ष्याने आपले पंख चालवणारे स्नायूच जाळून इथवरचा प्रवास केला होता. संध्याकाळी तो वन विभागाच्या माणसाकडे सोपवला. रात्री नऊ वाजता त्यांचा फोन आला.

वहीत मी नाव लिहिले. पण त्या वहीकडे तेव्हापासून मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. पावसाळ्यात आणि वादळांनंतर कोकण किनाऱ्यावर मिळालेल्या मास्क्ड बूबी, नॉडी, फ्रिगेटबर्ड अशा खुल्या समुद्रावरच्या पक्ष्यांच्या ज्या नोंदी आम्ही पक्षीमित्र एकमेकांना अभिमानाने सांगतो, त्यांतल्या बऱ्याचशा थकलेल्या, जखमी किंवा मेलेल्या पक्ष्यांच्या असतात. कॉर्नवॉलच्या किंवा आयर्लंडच्या भूशिरांवर शरद ऋतूतल्या वादळात दुर्बिणी लावून बसणाऱ्यांचे तसे नसते. तिथे वाऱ्याने किनाऱ्याजवळ आलेले पक्षी बहुतेक वेळा वाट काढून पुढे निघून जातात आणि निरीक्षकाला त्यांचे उडणे पाहायला मिळते. आमच्या पुळणीवर मिळते ते उडणे संपल्यानंतरचे.

नंतर, २०२२ मध्ये, जपानमधले एक संशोधन माझ्या वाचनात आले आणि त्या काळ्या सुरयाचा थोडा उलगडा झाला. आवाशिमा बेटावरच्या स्ट्रीक्ड शिअरवॉटर या समुद्रपक्ष्यांवर अकरा वर्षे बसवलेल्या उपकरणांतून असे दिसले की जमीन आणि वादळ यांच्या मध्ये सापडल्यावर त्यांतले काही पक्षी वादळापासून दूर पळत नाहीत, तर सरळ त्याच्या डोळ्याच्या, म्हणजे मध्याच्या, दिशेने जातात. आपल्याला हा वेडेपणा वाटेल. पण समुद्रपक्ष्याला वाऱ्याची भीती नसते, त्याला जमिनीची भीती असते. वारा त्याचे घरच आहे. जमिनीवर आदळलो की झाडे, तारा, कावळे, कुत्री आणि माणसे आहेत, हे तो जाणतो, किंवा निदान तसे वागतो. भाट्येचा पाहुणा तो डाव हरला होता. ढगात न दिसणारा वाघ टाळताना तो आमच्या पुळणीवर येऊन पडला.

पण वादळाची ही एक बाजू झाली. उत्तरेकडून येणाऱ्यांचे काय झाले?

त्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या वहीत सलग शून्ये आहेत. कुरव: शून्य. धोबी: शून्य. खाडीत आधीच येऊन राहिलेले चिखले आणि तुतवार कांदळाच्या आडोशाला दाटून बसले होते. नवीन कोणी आले नव्हते. याचे गणित सोपे आहे. लहान पक्षी शांत हवेत ताशी तीस ते पन्नास किलोमीटर वेगाने उडतो. तेवढाच वारा पाठीशी असेल तर तो एका रात्रीत जवळजवळ दुप्पट अंतर कापतो, आणि तेवढाच वारा समोरून आला तर पंख मारूनही तो जागच्या जागी राहतो आणि अंगावरची चरबी मात्र संपत जाते. लांबच्या उड्डाणापूर्वी काही पाणपक्षी आपले वजन जवळपास दुप्पट करतात. ती चरबी म्हणजे त्यांची शिदोरी. ती वाऱ्याशी भांडण्यात घालवायची नाही, एवढे शहाणपण बहुतेकांच्या रक्तात असते. म्हणून ते थांबतात. दख्खनच्या एखाद्या तलावावर, माळावर, कुठल्यातरी धरणाच्या फुगवट्याच्या कडेला चार दिवस, आठ दिवस चरत राहतात आणि वारा फिरण्याची वाट पाहतात. आमच्या किनाऱ्यावर पक्षी नसतात तेव्हा ते कुठेतरी असतात, ही गोष्ट कळायला मला बरीच वर्षे लागली. पक्षीनिरीक्षकाला शून्य लिहायला आवडत नाही. पण वारा, पाऊस आणि शून्य असे तीन रकाने शेजारी मांडले तर ते शून्यच सर्वांत जास्त बोलते.

सगळ्यांनाच थांबता येते असे नाही. एकदा समुद्रावर निघाल्यानंतर वादळ समोर आले तर परतीची सोय नसते. भाट्येला हिवाळ्यात ज्याची वाकडी चोच आणि डोक्यावरचे पट्टे आम्ही पाहतो त्या छोट्या कोरलाच्या अगदी जवळच्या नात्यातली, अमेरिकेतली ‘होप’ नावाची एक मादी ऑगस्ट २०११ मध्ये अटलांटिक महासागरावर गर्ट नावाच्या वादळात शिरली. तिच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले उपकरण होते. वादळात शिरताना सत्तावीस तास ती ताशी जेमतेम चौदा किलोमीटर वेगाने झुंजत राहिली, आणि मध्य पार करताच पाठीशी आलेल्या त्याच वाऱ्याने तिला ताशी जवळपास दीडशे किलोमीटर वेगाने किनाऱ्याकडे आणले. ती जगली. त्याच वर्षी तिच्या जातीचे ‘माची’ आणि ‘गोशेन’ हे दोन पक्षीही वादळांतून वाचून कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूप बेटावर उतरले. तिथे शिकाऱ्यांनी ते मारले. वादळाने ज्यांना सोडले त्यांना बंदुकीने सोडले नाही. ही माहिती वाचल्यानंतर त्या दिवशी मी दुसरे काही वाचू शकले नाही.

राजिवड्यातले एक वृद्ध मच्छीमार आहेत, ज्यांना मी चाचा म्हणते. आता ते समुद्रावर जात नाहीत, धक्क्यावर बसून जाळी विणतात. त्यांच्याइतके वाऱ्याचे ज्ञान मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले त्या वेळी रत्नागिरीकडच्या कितीतरी नौका समुद्रात होत्या आणि सगळी माणसे परत आली नाहीत. चाचा त्याविषयी कधीच आपणहून बोलत नाहीत. त्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी धक्क्यावर गेले तेव्हा त्यांनी माझ्या दुर्बिणीकडे पाहून विचारले, “बाई, आले काय तुमचे पाहुणे?” मी नाही म्हटले. ते म्हणाले, “कसे येतील? पहाटेला मतलई सुटलीच नाही अजून. पहाटे अंगाला थंड लागले की समजा, दोन दिवसांत पक्षी येणार, आणि आम्हाला बांगडाही.” हे ते जाळ्याची गाठ मारता मारता, मान वर न करता बोलले. सव्वीस वर्षे मी फळ्यावर काढलेला दुसरा बाण म्हणजे हा.

मतलई इतक्यात सुटणार नव्हती. क्यार अजून विरले नव्हते तोच लक्षद्वीपजवळ ‘महा’ नावाचे दुसरे वादळ तयार झाले आणि काही काळ अरबी समुद्रावर दोन वादळे एकाच वेळी फिरत होती. महा आधी वायव्येकडे गेले, मग समुद्रातच वळले आणि गुजरातकडे निघाले. ७ नोव्हेंबरच्या सुमारास किनाऱ्याशी येईपर्यंत त्याचा जोर ओसरला होता. गुजरातमध्ये, विशेषतः कच्छमध्ये, शरद ऋतूत आफ्रिकेकडे जाणाऱ्या पक्ष्यांचा एक वेगळाच ओघ असतो. काश्मिरी नीलपंख, ठिपकेदार माशीमार, लाल पाठीचा खाटीक असे पक्षी तिथे चार दिवस थांबून पुढे जातात आणि परतताना बहुधा दुसऱ्याच वाटेने जातात. सुदैवाने त्यांचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बराचसा उरकलेला असतो. त्या वर्षी तारखा तीन आठवडे अलीकडे असत्या तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही. कारण वादळांच्या तारखा बदलू लागल्या आहेत. २०१९ या एका वर्षात अरबी समुद्रावर पाच चक्रीवादळे झाली. एरवी सरासरी वर्षाला एक असते, आणि पाचाची बरोबरी शोधायला १९०२ पर्यंत मागे जावे लागते. पक्ष्याच्या शरीरातले वेळापत्रक दिवसाच्या लांबीवर चालते आणि दिवसाची लांबी बदललेली नाही. बदलला आहे तो समुद्र.

९ नोव्हेंबरच्या पहाटे मला जाग आली ती पायांना थंडी वाजून. खिडकीतून येणारा वारा कोरडा होता आणि त्याला डोंगराकडच्या गवताचा वास होता. मी चहा न घेताच निघाले. भाट्येच्या पुलावर पोहोचले तेव्हा उजाडत होते, भरती चढत होती आणि वाळूच्या उरलेल्या पट्ट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. तपकिरी डोक्याचे कुरव, लडाख आणि तिबेटच्या सरोवरांवरून आलेले, शेकड्यांनी, सगळे एकाच दिशेला, वाऱ्याकडे तोंड करून बसले होते. त्यांच्या मध्ये काही मोठे, करड्या पाठीचे कुरव. कडेला चिखल्यांचे थवे, पाणी चढेल तसे एकदम उठणारे आणि वळताना पोटाची पांढरी झळक दाखवून पुन्हा बसणारे. आदल्या संध्याकाळपर्यंत तिथे सात पक्षी होते. एका रात्रीत हे सगळे आले होते, म्हणजे घाटावर कुठेतरी ते तयारच बसले होते आणि वाऱ्याने दार उघडताच निघाले होते. त्यांतला एकही दुर्मिळ नव्हता. वहीत नवीन नाव आले नाही. पुलाच्या कठड्याला टेकून मी दीड तास मोजत होते आणि अधूनमधून चश्मा पुसत होते.

परतताना चाचांना सांगायला गेले. ते म्हणाले, “बांगडा पण आला.”

नोव्हेंबरच्या शेवटी मी सड्यावर जाऊ लागले. कातळावरचे गवत तोवर सोनेरी होते आणि दुपारी चतुरांचे ढग तरंगू लागतात. पिवळसर, पारदर्शक पंखांचे हे चतुर पाणी शोधत फिरणारे साधे कीटक वाटतात. पण मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये असे मांडले की दर ऑक्टोबरमध्ये मालदीवला समुद्रावरून येणारे लक्षावधी चतुर भारतातून निघालेले असतात आणि ईशान्य वाऱ्यांच्या आधाराने उंचावरून पूर्व आफ्रिकेला जातात. त्यांच्या मागोमाग अमूर ससाणे जातात. सायबेरियाच्या आग्नेय भागातून आणि उत्तर चीनमधून आलेला, जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचा हा शिकारी पक्षी भारत ओलांडून अरबी समुद्रावर सुमारे तीन हजार किलोमीटर न थांबता उडतो. समुद्रावर तो काय खातो याचे एक उत्तर कदाचित त्या चतुरांमध्ये आहे. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ २०१२ साली हे ससाणे जाळ्यांत हजारोंनी मारले जात होते. २०१३ मध्ये तिथल्याच गावांनी शिकार थांबवली, आणि त्याच नोव्हेंबरमध्ये नागा, वोखा आणि पांगती अशी नावे दिलेल्या तीन ससाण्यांवर उपकरणे बसवली गेली. त्यांच्या वाटा नकाशावर उमटल्या तेव्हा समुद्र ओलांडायला पाठीशी वारा कसा लागतो ते सगळ्यांना रेषेत दिसले. एखाद्या गावाने वर्षभरात आपली रीत बदलली, ही मला वादळ वळण्याएवढीच मोठी घटना वाटते.

१ डिसेंबरला रविवार होता. चार वाजल्यापासून मी सड्यावरच्या एका कातळावर बसले होते. चतुर दुपारपर्यंत दिसले, मग नाहीसे झाले. पाचच्या सुमारास पूर्वेकडून, लांजा-राजापूरच्या डोंगरांवरून, एक ठिपका आला, मग तीन, मग विखुरलेली एक रांग. टोकदार पंख, राखाडी नर, खालून ठिपक्याठिपक्यांच्या माद्या आणि पिल्ले. त्यांतली पिल्ले हा समुद्र पहिल्यांदाच पाहत होती. ते सड्यावर उतरले नाहीत. माझ्या डोक्यावर आल्यावर दोन-तीन वेळा गोल फिरून त्यांनी उंची घेतली आणि पंख जवळजवळ न हलवता ते पश्चिमेकडे सरकू लागले. मी उभी राहिले आणि सवयीने वाऱ्याकडे पाठ केली. तोंड आपोआप समुद्राकडे, नैर्ऋत्येला झाले. ते चालले होते तिकडेच.

शेवटचा ससाणा दुर्बिणीतून दिसेनासा झाल्यावर मी वहीत लिहिले: वारा ईशान्येचा, मंद. आकाश निरभ्र. अमूर ससाणे तेवीस, सर्व समुद्राकडे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हवामान खात्याचा नकाशा उघडला तेव्हा सोमालियाच्या अलीकडे, नैर्ऋत्य अरबी समुद्रावर, कमी दाबाची एक नवी गोल खूण होती. दोन-तीन दिवसांत तिचे वादळ झाले आणि तिला नाव मिळाले. या वेळी श्रीलंकेने दिलेले: पवन. ७ डिसेंबरला ते सोमालियाच्या किनाऱ्यावर गेले. त्या सहा दिवसांत मी रोज सकाळी आणि रात्री नकाशा पाहत होते, आणि प्रत्येक वेळी बोटाने रत्नागिरीपासून एक रेषा ओढून त्या खुणेपर्यंतचे अंतर मोजत होते.